मुले कोणाच्या हवाली? शाळेतील शिपाईपदाचा आढावा

शिक्षणाच्या प्रश्नावर आपल्याकडे पुष्कळ लिहिले जाते. अभ्यासक्रम कसा असावा, माध्यम कोणते असावे, परीक्षा ठेवाव्यात की नाही, अनुदान किती टक्के मिळावे, शिक्षकाची पात्रता कशी ठरवावी, या विषयांवर परिषदा भरतात, समित्या नेमल्या जातात आणि त्यांचे अहवाल यथाकाल दप्तरी दाखल होतात; परंतु सकाळी फाटक उघडण्यापूर्वी जो शाळेत पोहोचलेला असतो आणि सायंकाळी शेवटचे मूल बाहेर पडल्यावर जो कुलूप लावतो, त्या शिपायाचा विद्यार्थ्याच्या आयुष्याशी संबंध काय, हा प्रश्न या चर्चेत आलाच तर खर्चाच्या सदरात येतो. पदांची संख्या कमी करता आली की काटकसर साधली असे मानण्याचा शासनव्यवहाराचा शिरस्ता जुना आहे. शिपाईपदाच्या बाबतीत मात्र हा शिरस्ता मुलांच्या अंगाशी येतो, असे माझे निश्चित मत आहे. आणि ते तपासून पाहण्यास सातारा जिल्ह्याइतका, त्यातही कोरेगावसारख्या तालुक्याच्या गावाइतका योग्य मुलूख दुसरा सापडणे कठीण, कारण या प्रश्नाच्या इतिहासातील मोठमोठे टप्पे याच परिसराशी निगडित आहेत.

तीळगंगेच्या काठचे कोरेगाव हे पुणे–मिरज लोहमार्गावरील स्थानक, एसटीचे आगार आणि भोवतालच्या खेड्यांची बाजारपेठ आहे. तालुक्याच्या रहिमतपूरकडील भागात ऊस दिसतो, तर उत्तरेकडे वाठार, देऊर, पिंपोडे या बाजूस पावसाच्या भरवशावरची शेती आणि तिच्यात वाघ्या घेवडा. अशा तालुक्यात माध्यमिक शाळेचा विद्यार्थी बहुधा परगावचा असतो. ग्रामीण भागातील मुलींना अहिल्याबाई होळकर योजनेखाली एसटीचा मोफत पास मिळू लागल्यापासून वाडीवस्तीवरच्या मुली शिकू लागल्या, ही मोठीच गोष्ट होय. पण पास मिळाला म्हणजे गाडी वेळेवर मिळाली असे होत नाही. शाळा साडेदहाला भरावयाची आणि गावाकडून येणारी सोयीची गाडी आठला पोहोचावयाची, शाळा पाचला सुटावयाची आणि परतीची गाडी साडेसहाला लागावयाची, अशी स्थिती असेल तर दोन्ही टोकांच्या या मोकळ्या वेळात मुले कोणाच्या नजरेखाली असतात? शिक्षक अद्याप आलेले नसतात किंवा निघून गेलेले असतात. वेळापत्रकात ज्या तासांचा उल्लेख नाही, त्या तासांवर अंमल शिपायाचा चालतो.

त्याचे नेमून दिलेले काम सर्वांस ठाऊक आहे. वर्ग उघडून झाडलोट करावी, पाण्याची टाकी धुऊन भरावी, खडूची खोकी आणि हजेरीपत्रके वर्गावर पोहोचवावीत, मुख्याध्यापकांची सूचनावही घेऊन वर्गावर्गांतून सह्या आणाव्यात, तासातासाला घंटा द्यावी, परीक्षा आली की बाकांवर आसनक्रमांक चिकटवावेत, सव्वीस जानेवारी आली की ध्वजस्तंभाची दोरी आणि कप्पी तपासून ठेवावी. पुष्कळ शाळांतून अजूनही आगगाडीच्या रुळाचा तुकडा घंटा म्हणून आढ्याला टांगलेला असतो, आणि त्यावर पडणाऱ्या ठोक्यांची मोजदाद खेळाच्या मैदानापलीकडील शेतकरीही करीत असतो. परंतु या नेमून दिलेल्या कामाच्या कडेकडेने, कोणत्याही हुकमात न लिहिलेले जे दुसरे काम चालते, तेच या लेखाचा खरा विषय आहे.

कोरेगावातील एका माध्यमिक शाळेच्या फाटकाशी पाच वाजल्यानंतर थोडा वेळ थांबले तर ते काम डोळ्यांनी पाहावयास मिळते. सातवी-आठवीच्या सहा-सात मुली दप्तरे मांडीवर घेऊन कट्ट्यावर बसलेल्या असतात. शिपाईमामा खिडक्या लावीत, एकेका खोलीचे कुलूप ओढून पाहत व्हरांड्यातून येत असतात. “मामा, गाडी गेली काय हो?” असा प्रश्न येतो. “न्हाय गेली अजून. बसा तितंच. रस्त्याकडं जाऊ नगा, गाडी दिसली की हाक मारतो,” असे उत्तर मिळते. एक मुलगी गप्प आहे हे मामांच्या ध्यानात येते. तिने दुपारचा डबा खाल्ला नव्हता हेही त्यांना ठाऊक असते, कारण डबे धुण्याच्या नळाशी ती आली नव्हती. ते तिला काही विचारीत नाहीत. दुसऱ्या मुलीला बाजूला घेऊन दोन शब्द बोलतात आणि उद्या वर्गशिक्षिकेच्या कानावर घालावयाचे म्हणून मनात नोंद करतात. त्यांचा स्वतःचा कामाचा वेळ केव्हाच संपलेला असतो. गाडी वळणावर दिसल्यावर सर्वांत लहान मुलीचे दप्तर स्वतः उचलून ते रस्ता ओलांडून देतात, वाहकाला नावानिशी सांगतात की या पोरी अमुक फाट्यावर उतरतील, आणि मगच फाटकाला कुलूप घालतात.

या प्रसंगात विशेष असे काही घडले नाही, आणि हेच त्याचे महत्त्व. असे प्रसंग रोज घडतात, म्हणून ते कोठे नोंदले जात नाहीत. कोणाच्या अंगात ताप आहे, कोणाची चप्पल तुटली आहे, कोणाचा बाप दारू पिऊन फाटकाशी येतो, कोण मधल्या सुट्टीत कुंपणावरून उडी टाकतो, कोणाच्या घरी आजी वारली म्हणून चार दिवस कोणी आलेले नाही, ही सर्व माहिती शिपायाजवळ असते. शिक्षकाजवळ ती नसते असे नव्हे. परंतु शिक्षकाच्या हाती गुणपत्रक असते आणि त्यामुळे मूल त्याच्यापुढे थोडेबहुत सावध राहते. शिपायाच्या हाती गुण नाहीत, शिक्षेचा अधिकार नाही, वरच्या वर्गात चढविण्याची वा रोखण्याची सत्ता नाही. तरीही तो शाळेतला वडीलधारा माणूस आहे. अधिकाररहित वडीलकीचे हे स्थान मुलाला घराबाहेर क्वचितच भेटते. जे मूल गणिताच्या तासाला तोंड उघडत नाही, ते मामांच्या स्टुलाशेजारी उभे राहून घरची हकीकत सांगते, याचे कारण हेच. माझा मुद्दा थोडक्यात असा की, मूल बुद्धीने शिक्षकाच्या स्वाधीन असते. पण त्याची तहान, त्याचे दुखणे, त्याचे येणेजाणे आणि त्याची सुरक्षितता, म्हणजे एकंदरीने त्याचा देह, शाळेच्या वेळात शिपायाच्या हवाली असतो. ही हवाली कोणाची आणि कोणत्या शर्तींवर, याचा विचार समाजाने वेळोवेळी कसा केला, हे आता पाहावयाचे.

इंग्रजी अमलापूर्वीच्या पंतोजींच्या शाळेत शिपाई नव्हता. पंतोजीच्या ओसरीवर भरणारी ती शाळा मुलेच झाडीत, मुलेच सारवीत, आणि गैरहजर मुलाला उचलून आणण्यास थोराड मुलांचीच रवानगी होई. शिक्षणखात्याची स्थापना एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास झाली, शाळा सरकारी इमारतीत भरू लागली, आणि कचेरीत जसा पट्टेवाला तसा शाळेतही आला. कचेरीची रीतच शाळेत आल्यामुळे या पदाला आरंभापासून दुहेरी स्वरूप प्राप्त झाले: साहेबाच्या दृष्टीने तो सर्वांत खालचा नोकर, मुलाच्या दृष्टीने तो सरकारचा पहिला चेहरा.

परंतु या पदाचा अत्यंत उज्ज्वल असा पहिला दाखला सरकारी शाळेतला नाही. सावित्रीबाई फुले यांचा जन्म 3 जानेवारी 1831 रोजी सातारा जिल्ह्यातील नायगावी झाला. जोतीरावांचे मूळ घराणे खटाव तालुक्यातील कटगुणचे. 1848 पासून या दांपत्याने पुण्यात मुलींच्या शाळा उघडल्या, तेव्हा शिकवावयास जाणाऱ्या सावित्रीबाईंच्या अंगावर वाटेत शेणमाती आणि खडे फेकले जात, हे महाराष्ट्रात सर्वविश्रुत आहे. त्या वाटेवर त्यांच्या सोबतीस जो माणूस असे त्याचे नाव मात्र थोड्यांनाच ठाऊक असते. बळवंत सखाराम कोल्हे हे फुल्यांच्या शाळेतील शिपाई. रस्त्यातील त्या छळाचे, सावित्रीबाईंच्या धैर्याचे आणि फेकणाऱ्यांना त्यांनी शांतपणे दिलेल्या उत्तरांचे जे वर्णन आज आपण चरित्रांतून वाचतो, त्याचा एक प्रमुख आधार कोल्हे यांनी सांगितलेल्या आठवणी हा आहे. स्त्रीशिक्षणाच्या प्रारंभकाळाचा एक महत्त्वाचा प्रत्यक्षदर्शी साक्षीदार शाळेचा शिपाई असावा, यात मला या पदाचे सर्व मर्म दिसते. शिकविणारी आणि शिकणाऱ्या मुली वर्गात सुखरूप पोहोचल्या, तरच वर्गातले शिक्षण सुरू होते. आणि पोहोचण्याची ही जबाबदारी त्या काळी ज्याने पत्करली, त्याला त्या वाटेवर मानाचा नव्हे, रोषाचाच वाटा मिळाला असणार. आज शाळांमधून मुलींच्या सुरक्षिततेसाठी ज्या समित्या स्थापन करावयाच्या, त्यांना शासनाने ‘सखी सावित्री’ असे नाव दिले आहे. त्या नावाच्या शेजारी त्या जुन्या शिपायाचेही स्मरण राहावे, अशी माझी इच्छा आहे.

दुसरा दाखला साताऱ्याचा आहे आणि तो तितकाच दाहक आहे. भीमराव आंबेडकर यांचे नाव 7 नोव्हेंबर 1900 रोजी साताऱ्याच्या सरकारी हायस्कुलात, म्हणजे आजच्या प्रतापसिंह हायस्कुलात, दाखल झाले. हा दिवस 2017 पासून महाराष्ट्रात विद्यार्थी दिवस म्हणून पाळला जातो. त्या काळच्या शाळकरी अनुभवांविषयी बाबासाहेबांनी पुढे ‘वेटिंग फॉर अ व्हिसा’ या आत्मकथनपर टिपणात जे लिहिले आहे, ते शाळेच्या शिपायाविषयी लिहिणाऱ्या प्रत्येकाने वाचले पाहिजे. इतर मुलांना तहान लागली तर गुरुजींची परवानगी घेऊन नळावर जाता येई; या मुलाला परवानगी मिळाली तरी नळाला हात लावता येत नसे. दुसऱ्याने, म्हणजे शिपायाने, नळ सोडला तरच पाणी. शिपाई जाग्यावर नसेल तर तहानेलेले राहावयाचे. बसावयाचे गोणपाटही त्याने घरून आणावयाचे आणि सायंकाळी परत न्यावयाचे, कारण शाळा झाडणारा नोकर त्या गोणपाटाला स्पर्श करीत नसे. याच टिपणातील 1901 सालचा तो प्रवास, ज्यात भीमराव आणि घरातील इतर मुले वडिलांना भेटावयास साताऱ्याहून मसूरपर्यंत आगगाडीने गेली आणि पुढे बैलगाडीच्या वाटेवर रात्रभर पाण्यावाचून राहिली, कोरेगावच्या शिवारातून जाणाऱ्या याच लोहमार्गावर सुरू झाला.

येथे एक गोष्ट स्वच्छपणे मान्य केली पाहिजे. शिपायाच्या पदाचे गुणगान करताना आपण सहसा प्रेमळ मामांची आठवण काढतो. परंतु ज्याच्या हवाली देह असतो, त्याच्या हाती त्या देहाला तहानेने तळमळविण्याची सत्ताही असते. साताऱ्याच्या त्या शिपायाचे नाव इतिहासाला ठाऊक नाही, आणि तो व्यक्तिशः दुष्ट होता असे मानण्यास आधारही नाही. त्याने केले ते त्या काळच्या समाजाचे फर्मान होते, आणि गुरुजींनीही तेच पाळले. परंतु त्यातून हेच सिद्ध होते की शाळेत समता आहे की नाही याची पहिली परीक्षा पाठ्यपुस्तकात होत नाही, पाण्याच्या नळाशी होते. अस्पृश्यता कायद्याने नष्ट झाली. तरी स्वच्छतागृह साफ करण्याचे काम कोणाकडे जाते, शिपाई म्हणून नेमलेला मनुष्य ते करावयास का तयार होत नाही, आणि त्यासाठी रोजंदारीवर आणलेली बाई बहुधा कोणत्या वस्तीतून येते, हे कोणत्याही शाळेत जाऊन पाहावे. प्रश्न संपलेला नाही.

या प्रश्नाला याच जिल्ह्याने दिलेले सर्वांत धाडसी उत्तर म्हणजे कर्मवीर भाऊराव पाटील यांचे. 4 ऑक्टोबर 1919 रोजी कऱ्हाड तालुक्यातील काले येथे त्यांनी रयत शिक्षण संस्था स्थापिली, 1924 मध्ये ती साताऱ्यास आणली, आणि 25 फेब्रुवारी 1927 रोजी महात्मा गांधींच्या हस्ते त्यांच्या वसतिगृहाला छत्रपती शाहू बोर्डिंग हे नाव मिळाले. त्या वसतिगृहात सर्व जातींची मुले एकत्र राहत, एकत्र दळत, एकत्र रांधत, एकत्र झाडीत आणि एकाच पंगतीला जेवीत. ज्या शहरात पंचवीस-सव्वीस वर्षांपूर्वी एका मुलाला नळाला हात लावता येत नव्हता, त्याच शहरात हे घडत होते. शाहू बोर्डिंगची मुले खडी फोडीत, विहिरी खणीत, शेती करीत, आणि कमवा व शिका या तत्त्वावर पुढे महाविद्यालयापर्यंत पोहोचत. कोरेगाव तालुक्यालाही भाऊरावांचा वेगळा शेजार लाभला आहे: पाडळी, म्हणजे सातारा रोड, येथे धनजीशा कूपर यांनी उभारलेल्या नांगराच्या कारखान्यात प्रारंभी भाऊरावांचा मोठा वाटा होता. हातांनी काम करण्यात कमीपणा नाही, हे त्यांनी व्याख्यानातून शिकविण्यापूर्वी लोखंडाच्या भट्टीशी उभे राहून जाणले होते.

भाऊरावांच्या या प्रयोगाचा आधार घेऊन आज एक युक्तिवाद केला जातो, तो मात्र मला मुळीच मान्य नाही. मुलांनी स्वतः शाळा झाडावी हे जर इतके संस्कारक्षम आहे, तर शिपायाची गरजच काय, असे विचारले जाते. आणि जपानचा दाखला दिला जातो, जेथे मुले रोज ठरावीक वेळ आपले वर्ग आणि व्हरांडे स्वतः पुसतात. मुलांनी झाडू घ्यावा हे योग्यच आहे. वेळूसारख्या कोरेगाव तालुक्यातीलच गावाने 2016 साली श्रमदानाने पाणी अडवून पाणी फाउंडेशनच्या वॉटर कप स्पर्धेत पहिला क्रमांक मिळविला, तेव्हा लहानथोरांनी हाती कुदळ घेतल्याचे आपण पाहिले. परंतु जपानातही शाळेच्या देखभालीस स्वतंत्र माणूस असतो, आणि शाहू बोर्डिंगमध्ये तर भाऊरावांच्या पत्नी लक्ष्मीबाई होत्या. लक्ष्मीबाई पाटील यांनी अंगावरचे दागिने, अखेर मंगळसूत्रही, मोडून त्या मुलांच्या तोंडात घास घातला आणि 1930 मध्ये त्या वारल्या. श्रम सर्वांनी वाटून घेतले म्हणून मुलांवर नजर ठेवण्याची जबाबदारी नाहीशी झाली नव्हती. ती एका आईने उचलली होती. झाडू वाटून घेता येतो, जबाबदारी वाटली तर ती कोणाचीच राहत नाही. स्वावलंबनाच्या थोर तत्त्वाचा उपयोग पदे कमी करण्यासाठी करणे हा भाऊरावांवर अन्याय होय.

स्वातंत्र्योत्तर काळात माध्यमिक शाळांचे जाळे खेडोपाडी पसरले, आणि खाजगी संस्थांच्या शाळांतील शिपाई हा दीर्घकाळ संस्थाचालकाच्या मर्जीवर अवलंबून राहिला. ‘उद्यापासून येऊ नकोस’ एवढे तीन शब्द त्याला बरतर्फ करण्यास पुरत. महाराष्ट्र खाजगी शाळांतील कर्मचारी (सेवेच्या शर्ती) विनियमन अधिनियम, 1977, आणि त्याखालील 1981 ची नियमावली यांनी ही स्थिती पालटली: नेमणूक, परिवीक्षा, वेतन, चौकशी आणि अपील यांची रीत ठरली, आणि शिक्षकाप्रमाणे शिपायालाही शाळा न्यायाधिकरणापुढे दाद मागता येऊ लागली. या कायद्याचा लाभ केवळ कर्मचाऱ्याला झाला असे समजणे चूक होईल. पंचवीस-तीस वर्षे एकाच शाळेत राहणारा माणूस त्यामुळे निर्माण झाला. जो माणूस बापालाही ओळखत होता आणि आता मुलालाही ओळखतो. शाळा सोडल्याचा दाखला मागावयास येणाऱ्या प्रौढाला कोणत्या कपाटातील कोणत्या गाठोड्यात त्याचे वर्ष सापडेल, हे लिपिकाला सांगणारा तोच. 2023 च्या उत्तरार्धात निवृत्त न्यायमूर्ती संदीप शिंदे यांच्या समितीच्या कामासाठी राज्यभर कुणबी नोंदींचा शोध सुरू झाला, तेव्हा शाळांच्या जुन्या प्रवेश-निर्गम नोंदवह्याही धुंडाळल्या गेल्या. कसर लागलेली ती रुमालातील बाडे ज्यांनी फळीवरून जपून खाली उतरविली, त्यांत जुन्या शिपायांचे हात होते.

आता हीच परंपरा तुटण्याच्या बेतात आहे. शासनाने 11 डिसेंबर 2020 च्या निर्णयाने खाजगी अनुदानित शाळांतील चतुर्थश्रेणीची पदे, म्हणजे शिपाई, नाईक, पहारेकरी, सफाईगार, परिचर आदी, विद्यमान कर्मचारी निवृत्त होतील तसतशी व्यपगत करण्याचे आणि त्यांच्याऐवजी शाळेला ‘शिपाई भत्ता’ देण्याचे ठरविले. हा भत्ता मुंबईसाठी दरमहा 10,000 रुपये, तर ग्रामीण भागासाठी 5,000 रुपये. कोरेगावसारख्या ठिकाणी एका माणसाने महिनाभर रोज शाळा उघडावी, झाडावी, पाणी भरावे, मुलांवर नजर ठेवावी आणि कुलूप लावावे, त्याचे मोल 5,000 रुपये. शेतमजुरीच्या दराशी तुलना करून पाहिली तर या रकमेत मनुष्य टिकणार नाही हे कोणीही सांगेल. तो सहा महिन्यांनी दुसरीकडे जाईल, त्याच्या जागी दुसरा येईल, आणि मुलांची नावे त्यालाही नव्याने शिकावी लागतील. भत्त्याने झाडलोट विकत घेता येते; ओळख विकत घेता येत नाही, कारण ती वर्षांनी होते.

प्राथमिक शाळांची स्थिती याहून बिकट आहे. जिल्हा परिषदेच्या बहुसंख्य प्राथमिक शाळांना शिपाईपद मुळातच नाही. 2009 च्या बालकांच्या मोफत व सक्तीच्या शिक्षणाच्या हक्क अधिनियमाला जी अनुसूची जोडली आहे, तीत शिक्षकसंख्या, वर्गखोल्या, मुलामुलींची स्वतंत्र स्वच्छतागृहे, पिण्याचे सुरक्षित पाणी, स्वयंपाकघर, क्रीडांगण आणि कुंपण यांची गणना आहे. परंतु हे सर्व राखणारा माणूस त्या यादीत नाही. परिणामी दोन शिक्षकी शाळेत स्वच्छतागृह बांधले जाते आणि कुलूपबंद राहते, कारण ते साफ कोणी करावे हा निर्णय कोणी घेतलेला नाही. पहिली-दुसरीचे मूल वर्गात ओकले तर शिक्षिकेने शिकविणे थांबवून राख शोधावयाची. अशा ठिकाणी पोषण आहार शिजविणाऱ्या बायाच प्रत्यक्षात शाळेचा कणा होऊन बसल्या आहेत. त्या गावातल्याच असतात, मुलांच्या आयांच्या मैत्रिणी असतात, भाताचे पातेले उतरवितानाच पडलेल्या पोराचा गुडघा धुतात, आणि त्यांचे मानधन इतके अल्प आहे की त्याला वेतन म्हणणे धाडसाचे होईल. मुलींच्या बाबतीत तर या मावशीचे स्थान कोणालाही घेता येणार नाही. पाचवी-सहावीतल्या मुलीला शाळेत पहिल्यांदा मासिक पाळी आली, तर ती मुख्याध्यापकाकडे जात नाही, शिपाईमामांकडेही जात नाही. शाळेत मावशी असेल तर तिच्याकडे जाते, नसेल तर पोट दुखते असे सांगून घरी जाते, आणि पुष्कळदा पुढल्या महिन्यातले चार दिवस बुडविते.

ऑगस्ट 2024 मधील बदलापूरच्या घटनेचा उल्लेख केल्यावाचून हा आढावा प्रामाणिक ठरणार नाही. तेथील शाळेत दोन चिमुकल्या मुलींवर अत्याचार केल्याच्या आरोपाखाली एका सफाई कर्मचाऱ्याला अटक झाली, आणि राज्य हादरले. पुढे आरोपीचा पोलीस कोठडीत असताना मृत्यू झाला. शासनाने शाळांना कॅमेरे बसविण्याचे, कर्मचाऱ्यांची चारित्र्यपडताळणी करण्याचे आणि समित्या कार्यरत ठेवण्याचे आदेश दिले. हे सर्व आवश्यकच होते. 2012 चा बालकांचे लैंगिक अपराधांपासून संरक्षण करणारा कायदाही शिक्षणसंस्थेच्या कर्मचाऱ्याने केलेला अपराध अधिक गंभीर मानतो, आणि तसे मानण्याचे कारण हेच की मूल त्याच्या हवाली असते. परंतु त्या घटनेतून पुष्कळांनी काढलेला निष्कर्ष, की शाळेत अशा माणसांचा मुलांशी संबंधच येऊ देऊ नये, हा मला अव्यवहार्य आणि घातक वाटतो. संबंध येणारच, पाणी, स्वच्छतागृह आणि फाटक यांच्याशी मुलांचा संबंध असेपर्यंत तो टळणार नाही. टाळता येण्यासारखी गोष्ट एकच आहे: ज्याची कोणाला ओळख नाही, ज्याची नेमणूक संस्थेने स्वतः केलेली नाही, जो कंत्राटदाराच्या यादीतून काल आला आणि उद्या जाईल, अशा माणसाला लहान मुलांच्या एकांतात सोडणे. कायम सेवेतील माणूस दुष्ट नसतोच असे मी म्हणत नाही. परंतु ज्याची वर्षानुवर्षे गावाला ओळख आहे, ज्याची स्वतःची मुले त्याच शाळेत शिकली, आणि ज्याला नोकरी गमावण्याची धास्ती आहे, त्याच्यावर समाजाची नजर राहते. भत्त्यावरच्या अनोळखी माणसावर ती राहत नाही. एकीकडे सुरक्षिततेचे आदेश काढावयाचे आणि दुसरीकडे ओळखीचा माणूस काढून अनोळखी माणूस आणण्याची तजवीज करावयाची, या दोन धोरणांचा मेळ बसत नाही.

टाळेबंदीच्या काळाची एक गोष्ट येथे सांगण्याजोगी आहे. मार्च 2020 मध्ये शाळा बंद झाल्या, आणि मुंबईहून परतणाऱ्या चाकरमान्यांना गावात घेण्यापूर्वी अनेक खेड्यांत शाळांच्या खोल्याच विलगीकरणासाठी उघडल्या गेल्या. सातारा जिल्ह्यातून मुंबईच्या बाजारांत माथाडी म्हणून गेलेली घराणी किती, हे सांगावयास नको. वर्ग उघडून देणे, पाणी भरणे, बाके हलवून झोपण्यास जागा करणे, हे काम जेथे शिपाई होता तेथे बव्हंशी त्याच्याच वाट्यास आले, आणि ज्यांची सोय तो करीत होता त्यांतील कित्येक जण त्याच वर्गांतून शिकून गेलेले त्याचे माजी विद्यार्थी होते.

उपाय काय? माझ्या मते 2020 चा निर्णय किमान दोन प्रकारच्या शाळांपुरता तरी मागे घेतला पाहिजे: जेथे परगावची मुले एसटीने येतात अशा, आणि जेथे वसतिगृह आहे अशा. मुलींची संख्या लक्षणीय असलेल्या प्रत्येक माध्यमिक शाळेत एक पद स्त्रीचे असावे, आणि ते स्वच्छतागृह साफ करण्याचे नव्हे, मुलींची काळजी घेण्याचे म्हणून नोंदले जावे. सफाईचे काम स्वतंत्र, यंत्रसाहाय्याने आणि योग्य मजुरीवर व्हावे, म्हणजे जुन्या जातिव्यवस्थेला मागच्या दाराने प्रवेश मिळणार नाही. यांपैकी पदांचा प्रश्न मंत्रालयाशी आहे आणि त्याला काळ लागेल. काही गोष्टींना मात्र तितका काळ लागण्याचे कारण नाही. शिक्षण हक्क कायद्याने ज्या शाळांना व्यवस्थापन समिती दिली आहे, तेथे तीनचतुर्थांश सदस्य पालक असतात आणि निम्म्या स्त्रिया. या समितीच्या बैठकीला शिपायाला आणि पोषण आहाराच्या मावशीला निमंत्रित करून त्यांचे म्हणणे इतिवृत्तात लिहावे. शाळेबाहेरच्या वेळेत मुले थांबतात त्या तासांची नोंद करून ती जबाबदारी नावानिशी एखाद्यावर सोपवावी आणि त्याचा मोबदला द्यावा. सर्पदंश, फीट, भाजणे आणि पाण्यात बुडणे या प्रसंगी पहिल्या दहा मिनिटांत काय करावे, याचे प्रशिक्षण तालुक्यातील प्रत्येक शाळेच्या शिपायाला आणि मावशीला कोरेगावच्या सरकारी रुग्णालयात दोन दिवसांत देता येईल. त्याच दोन दिवसांत मुलांचे लैंगिक शोषण कसे ओळखावे आणि कोणाला कळवावे हेही सांगता येईल. गटशिक्षणाधिकारी आणि वैद्यकीय अधीक्षक यांनी मनावर घेतले, तर हे काम येत्या जूनमध्ये शाळा उघडण्यापूर्वी होण्यासारखे आहे.